रोजच्या स्वयंपाकाला फूड प्रोसेसर घ्यावा का, की तो माळ्यावरच जातो?

तुम्ही विचारलंय की घरात चौघं आहात, रोजच्या पोळी-भाजीला फूड प्रोसेसर खरंच वापरला जातो का, आणि सासूबाईंचं म्हणणं आहे की हाताने मळलेल्या कणकेची चव मशीनला येत नाही. शिवाय आहे तो मिक्सरच पुरेल का, असंही विचारलंय.

घ्या. माळ्यावर जायचं म्हणाल तर ओट्यावर त्याला कायमची जागा आणि जवळ प्लग असेल तर जात नाही, रोज खोक्यातून काढून परत खोक्यात ठेवणार असाल तर तिसऱ्या आठवड्यात जातो.

आता ते चवीचं. खरं तर त्यासाठीच लिहायला बसलोय. हाताची चव, हाताची चव करणाऱ्या माणसाचा स्वतःचा हात परातीत असलेला मी तरी अजून बघितला नाही. (तुमच्या सासूबाईंनी आयुष्यभर मळली असेल, त्यांना बोलायचा हक्क आहे. मी माझ्या काकांबद्दल बोलतोय.)

आमचं घर मिरजेला. खाली आम्ही, वर काका. काकू लवकर गेल्या, तेव्हापासून काका आणि चुलतभाऊ जेवायला खालीच. आजी होती तोवर अकरा पानं व्हायची आणि सगळ्यांची कणीक आईच मळायची, दोन्ही वेळची. पुढे माणसं कमी झाली पण तोवर आईची बोटं गेली होती, संधिवात. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. डॉक्टरांनी सांगितलं जोराची कामं कमी करा, त्यावर काका जेवता जेवता म्हणाले, "अहो वहिनी, कणीक मळणं हा तर बोटांचा व्यायाम आहे, बंद केलंत तर अजून आखडतील." हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागलेलो. 2008 च्या दिवाळीत बोनस मिळाला त्यातून फूड प्रोसेसर घेतला आणि एसटीने मांडीवर घेऊन मिरजेला गेलो. पहिल्या दिवशी कणीक मीच मळली आणि ती बिघडवली, हे कबूल करतो. नवीन खेळणं मिळाल्यासारखं चार मिनिटं फिरवत बसलो, गोळा गरम झाला, रबरासारखा झाला, लाटलं की आक्रसायचा. पोळ्या चामट. काकांनी एक खाल्ली, ताट सरकवलं आणि म्हणाले, "आता पोळीलापण करंट लागणार का?" आईने त्यांच्यादेखत मशीन पुसून खोक्यात भरलं. मी चिडून पुण्याला आलो.

दोन आठवड्यांनी आईचा फोन. काका पहाटे सहाला फिरायला जायचे ते सातला यायचे. तेवढ्या वेळात आई मशीनवर कणीक मळायची, भांडं धुऊन पुसून गव्हाच्या डब्यामागे ठेवायची आणि मग पितळी परात काढून तिला थोडं पीठ फासून ओट्यावर ठेवायची! काका आले की परात दिसायची. सात-आठ महिने हे चाललं आणि काका रोज पोळी मोडताना म्हणायचे, बघा, हाताची ती हाताची.

मग पुढच्या उन्हाळ्यात लोडशेडिंगची वेळ बदलली, सकाळचीच लाइट जायला लागली, नेमकी सहा ते साडेआठ. आईला चार दिवस खरंच हाताने मळावी लागली. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "वहिनी, हल्ली कणकेकडे लक्ष नाही तुमचं, आधीसारखी मळत नाही तुम्ही."

हे सांगताना आई फोनवर इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, त्यांना सांगू नकोस हं, शपथ आहे. आणि मग मला कळलं की फोन बाबांनी तिच्या कानाला धरलाय, कारण चार दिवस मळून तिला तो धरवत नव्हता.

मी शपथ पाळली. काकांना अजून सांगितलेलं नाही, इथे लिहिणं त्यात धरू नका.

आणि चवीचंच म्हणाल तर गव्हाचा डबा स्कूटरवर घालून गिरणीत न्यायचं काम काकांचंच होतं. तिथे त्यांना जात्याची चव कधी आठवली नाही. साठच्या दशकात सुमीतचा मिक्सर आला, मग घरोघरी पोचला, तेव्हाही पाट्यावरच्या चटणीवरून हीच रडगाणी झाली असणार. आज पाटा कुठेय? आमचा अंगणात उलटा पडलाय, त्यावर बसून काका पेपर वाचतात.

बरं, कामाचं सांगतो. पुण्यात आमच्या घरी सकाळच्या पोळ्या मी करतो, बायकोची कंपनीची बस पावणेसातला असते. आमच्या भांड्यात एका वेळी अर्ध्या किलोच्या आतच पीठ बसतं, त्यात सोळा-सतरा पोळ्या होतात, चौघांना पुरेत. जास्त कोंबलंत तर पीठ झाकणातून उडतं आणि मोटर तापून वास मारते. (मशीन मधेच बंद पडलं तर दुरुस्तीला पळू नका, बऱ्याच मशीनला खाली लाल बटण असतं, थंड होऊ द्या आणि मग ते दाबा.) आधी पीठ, मीठ, चमचाभर तेल टाकून पहिल्या स्पीडवर चालू करायचं आणि वरच्या नळीतून पाणी बारीक धारेने सोडायचं, चार वाट्या पिठाला साधारण दीड वाटी, गव्हाप्रमाणे थोडं इकडेतिकडे. गोळा ब्लेडभोवती एकत्र फिरायला लागला की बंद करा, मिनिट-दीड मिनिट फार झालं. मशीनच्या पोळ्या चामट होतात म्हणतात त्याचं कारण इथेच आहे, एकतर जास्त फिरवतात नाहीतर पाणी कमी घालतात, गोळा छान दिसतो म्हणून फसतात. हाताच्या कणकेपेक्षा किंचित सैल ठेवा, तेलाचा हात लावून वीस मिनिटं झाकून ठेवा.

भाकरीच्या नादाला लागू नका. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा ग्लूटेनचा चिवटपणा नसतो, ते एकेका भाकरीपुरतं घेऊन तळव्यानेच रगडावं लागतं. इथे हात जिंकला, मान्य.

कांदा पोह्यांसाठी विळीवर नाहीतर सुरीनेच चिरा, मशीनमध्ये पाणी सुटून त्याचा लगदा होतो. वाटणासाठी चालतो. खमंग काकडीसाठी काकडी चोचवायचीच असते, किसाने ती मजा येत नाही. पण कोबी! अख्खा गड्डा दोन मिनिटांत बारीक होतो, पचडीला एक नंबर, भाजीला मात्र लवकर शिजतो तेव्हा गॅसकडे लक्ष ठेवा. हलव्याचं किलोभर गाजर, उपासाचा बटाट्याचा कीस, दाण्याचं कूट, ह्यांनी पैसे वसूल. कूट करताना दोन-दोन सेकंद थांबत फिरवा, सलग फिरवलंत तर तेल सुटतं.

आणि उकड. ह्याबद्दल कोणी बोलत नाही. गणपतीत मोदकाची उकड गरम असतानाच मळावी लागते, नाहीतर पाऱ्या फुटतात, आणि गरम मळायची म्हणजे पाण्यात हात बुडवून भाजून घ्यायचं. ती उकड वाफ जिरल्यावर लगेच मशीनमध्ये टाकून अर्धा मिनिट फिरवा, लोण्यासारखी होते, वर तुपाचा हात. मागच्या वर्षी एकवीस मोदक केले, एकही फुटला नाही. कळ्या वाकड्या होत्या, तो माझा दोष, मशीनचा नाही.

आता चुलतभावासाठी, कारण तो इथे वाचतो हे मला माहितीय. वहिनीच्या मनगटाला गेल्या वर्षापासून पट्टा आहे आणि तू परवा लग्नात म्हणालास की मशीनच्या पोळ्या आमच्याकडे चालत नाहीत. चालत होत्या. आठ महिने रोज चार-चार खाल्ल्यास. पुढच्या महिन्यात येतोय तेव्हा एक मशीन घेऊन येतो, परातीला पीठ फासायचं काम या वेळी तू कर.

तर ताई, तुमचा प्रश्न राहिलाच, मिक्सर पुरेल का. घरात दोघंच असाल किंवा पोळ्यांना बाई असतील तर पुरतो, उगाच खर्च करू नका. चौघांना रोज पोळ्या घरी होत असतील तर घ्या, साधारण सहा हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत चांगले मिळतात. धुवायला भांडं, झाकण, दट्ट्या, ब्लेड, चकती असे पाच नग असतात, त्यामुळे एका गाजरासाठी काढायचा नसतो, सगळं एकदम उरकून घ्यायचं. आवाज होतो, सकाळी बाळ झोपलं असेल तर त्रास आहे. आणि दुकानात झाकण दहा वेळा लावून-काढून बघा, ते नीट बसल्याशिवाय मशीन चालू होत नाही आणि आधी मोडते ती झाकणाची ती छोटी खाच. आमची दोनदा मोडली.