वजन कमी करायचंय, तर मटण पूर्ण बंद करून फक्त चिकन ब्रेस्ट खावं का?

नका बंद करू. निदान 'रेड मीट (बोकड, मेंढी, बीफ, डुक्कर यांचं लाल मांस) आहे' एवढ्याच कारणासाठी तरी नका करू.

तुम्ही खाली लिहिलंय की वजन ८८ किलो, बसून नोकरी, घरी आठवड्यातून दोनदा मटण, आणि जिमच्या ट्रेनरने हातात छापील कागद दिलाय: रेड मीट बंद, उकडलेलं चिकन ब्रेस्ट रोज २०० ग्रॅम. तो कागद मी चांगला ओळखते. माझ्या धाकट्या जावेने तसलाच कागद आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला होता आणि वर लिहिलं होतं, "ताई, खास तुमच्यासाठी." मी कोल्हापूरची, वय पन्नाशीला टेकलेलं, आणि तेव्हा वजन ऐंशीच्या वर. त्यामुळे उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

धाकटे दीर-जाऊ पुण्याला असतात. आखाडात सगळे गावाकडे जमतात, श्रावण लागायच्या आधीचं ते शेवटचं मोठं जेवण. त्या रविवारी मी उजाडायच्या आत खाटकाच्या रांगेत उभी होते. आमच्याकडे मटण हा थट्टेचा विषय नाही. २०१९ च्या शेवटी इथे मटणाच्या दरावरून आंदोलन झालं होतं, विक्रेते एका बाजूला आणि गिऱ्हाइकं एका बाजूला, आणि बाहेरची माणसं हसत होती. आम्ही कोणी हसत नव्हतो.

तर धाकटी आली ती स्वतःचा डबा घेऊन. आत उकडलेलं चिकन ब्रेस्ट, वर मिरपूड, बाजूला ब्रोकोली. डबा आणला याचं मला काही नाही, ज्याचं त्याचं पोट. पण पंगत बसल्यावर, सगळ्या पाहुण्यांसमोर, माझ्या ताटाकडे बघत ती म्हणाली, "ताई, तुम्ही पण सोडा आता हे. वजन बघा तुमचं. रेड मीट म्हणजे विष असतं." सकाळपासून चुलीपुढे मी उभी, आणि विष म्हणे!

सासूबाई मध्ये पडल्या, "मी जल्मभर ह्येच जेवलो, मला कुठं काय झालंय?" त्यांचं म्हणणं मला पुराव्यात घ्यायचं नाही. त्यांनी चाळीस वर्षं उसात वाकून भांगलण केली, त्यांना काहीही पचलं असतं. आपण दिवसभर खुर्चीत बसणारी माणसं, आपला हिशेब वेगळा.

खरी गंमत पुढे आहे. चिकनचे चार घास झाल्यावर धाकटी म्हणाली, "पीस नको हं, पण पांढरा रस्सा जरा द्या. तो काय, सूपच." एक वाटी झाली, दुसरी झाली. मग तांबडा 'चवीपुरता'. तांबड्यासोबत भाकरी आलीच. शेवटी रस्सा-भात. मटणाचा एक तुकडा तिने तोंडात घातला नाही, हे तिने नंतर दोन-तीनदा सांगितलंही. आणि चार वाजता चहाबरोबर भडंगाची पिशवी फोडली, कारण भूक लागली होती.

रस्सा मी केला होता, त्यामुळे त्यात काय गेलं ते मला पाठ आहे. पांढऱ्यात अख्ख्या दोन नारळांचं घट्ट दूध, मूठभर काजू, खसखस, तीळ, आणि तुपात खडा मसाला. तांबड्यात वाटलेलं सुकं खोबरं, पुन्हा तीळ, कांदा-लसूण चटणी, आणि कट वर यायला हवा म्हणून तेल डावाने. घरात पाहुणे असताना कोणी चमच्याने तेल घालत नाही.

माझं आयुष्य बँकेत गेलंय. आकडा जुळल्याशिवाय मला झोप येत नाही. त्या रात्री बसून मी सगळं काढलं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्याचे अन्नघटकांचे तक्ते कुणालाही बघता येतात. त्यात १०० ग्रॅम भाजलेल्या बोकडाच्या मटणात साधारण १४३ कॅलरी, २७ ग्रॅम प्रथिनं आणि ३ ग्रॅम चरबी आहे. कातडी काढलेलं भाजलेलं चिकन ब्रेस्ट बघा: १६५ कॅलरी, ३१ ग्रॅम प्रथिनं, साडेतीन ग्रॅमच्या आसपास चरबी. कातडीसकट भाजलेली अख्खी कोंबडी घेतली तर कॅलरी २३९ आणि चरबी साडेतेरा ग्रॅम. आणि कोकराचं मांस, चरबी न काढता, २९० च्या पुढे, चरबी वीसेक ग्रॅम.

म्हणजे ज्या मांसाच्या भीतीने तो कागद छापलाय ते बीफ, डुक्कर आणि मेंढी, तेही चरबीसकट. आपल्याकडे बहुतेक घरांत मटण म्हणून शिजतो तो बोकड. त्याची चरबी मांसाच्या धाग्यात फारशी शिरत नाही, ती बाहेरून आणि पोटाकडे साठते, आणि बाहेरची चरबी सुरीने काढता येते. हे आकडे चरबी काढलेल्या मटणाचे आहेत हे मात्र ध्यानात ठेवा. दुकानावर 'खस्सी पालव्याचे मटण' अशी पाटी असते, तो खस्सी, म्हणजे खच्ची केलेला, बोकड अंगाने चरबीचाच असतो. आणि आपलं गिऱ्हाईक वर म्हणतं, "थोडी चरबी टाका की, चवीला." ती टाकून घेतली तर माझे वरचे आकडे विसरा.

आता तेलाकडे या. मोठा डाव भरून तेल म्हणजे ४५ ग्रॅम धरा. दर ग्रॅमला ९ कॅलरी, झाल्या चारशे. तेवढ्या कॅलरीत चरबी काढलेलं, शिजलेलं, बिनहाडाचं मटण पाव किलोच्या वर येतं. धाकटीने मटण सोडलं आणि तेल, खोबरं, काजू हे सगळं वाटीने प्यायली. वर भाकरी. आमच्याकडची भाकरी पाऊणशे ग्रॅम पिठाच्या खाली नसते, म्हणजे एकेका भाकरीचे अडीचशे.

मी मटण सोडलं नाही. वर्ष-सव्वा वर्षात दहा-अकरा किलो उतरले ते मटण चालू ठेवूनच. काय केलं ते सांगते, यात कुणाचं रॉकेट सायन्स नाही.

खाटकाला मांडीचं किंवा फऱ्याचं द्या म्हणायचं, चाप आणि सीना नको, चरबी समोर उभं राहून काढून घ्यायची. त्याला राग येतो, येऊ दे. मटण आदल्या संध्याकाळी लसूण, आलं, हळद, मीठ घालून शिजवायचं आणि अळणी पाणी वेगळं काढून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी त्यावर पांढरी चरबी थापीसारखी गोठलेली असते, ती चमच्याने उचलून टाकायची. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा दिवसभर बोलल्या नाहीत. मग त्याच अळणीत कांदा-लसूण चटणी, भाजलेला कांदा-टोमॅटो, खोबरं दोन चमचे, आणि तेल माणशी एक चमचा. कट येत नाही. चव येते, आणि जो म्हणेल येत नाही त्याने शिजवून दाखवावं.

आपलं ताट: हाडासकट पाव किलो कच्चं मटण, म्हणजे शिजून हाडं काढल्यावर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. भाकरी एक. भात नाही. काकडी, कांदा, मुळा हवा तेवढा. आणि हे आठवड्यातून एकदा. बाकीच्या दिवसांत चिकन, अंडी, मुगाची उसळ, ताक. चिकन मीही खाते, मला त्या कोंबडीचा राग नाही. राग आहे तो त्या उकडलेल्या, बेचव डब्याचा. तसलं खाऊन माणूस टिकत नाही, चार वाजता भडंगावर जातो. तुम्हाला मसाल्यातलं चिकन दोन चमचे तेलात करून आवडत असेल तर रोज खा, उत्तम आहे. मांडीचा तुकडाही चालतो, चरबी ब्रेस्टपेक्षा जास्त पण कातडी काढली की फार नाही. फक्त हॉटेलातलं बटर चिकन खाऊन "मी रेड मीट खात नाही" म्हणू नका. तसंच चिकन सॉसेज, सलामी, नगेट्स. कोंबडी आहे म्हणून ते हलकं होत नाही.

लोहाचं कुणी बोलत नाही. माझं हिमोग्लोबिन त्या काळात नऊच्या आसपास होतं. या वयात बायकांच्या तक्रारी असतात, जास्त सांगत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत, ५४ टक्क्यांत, रक्त कमी सापडलं. अशा बाईला कागद फिरवून मटण बंद करायला सांगणं मला पटत नाही. मटणातलं लोह चिकन ब्रेस्टच्या दोन-तीन पटीने आहे, ते पालकातल्या लोहापेक्षा सहज अंगी लागतं, आणि त्याच ताटातल्या भाजी-भाकरीतलं लोहही जास्त शोषलं जातं. बी-१२ सुद्धा मटणात जास्त. माझं रक्त गोळ्यांनी वाढलं, मटणाने एकट्याने वाढलं असा दावा नाही. पण डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, हे तुम्हाला कुणी दिलं? मी नाव सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं कधी कधी वाटतं.

तुम्ही प्रोटीन पावडरचंही विचारलंय. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, शिफारशीप्रमाणे निरोगी माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, वजन उतरवताना एक-सव्वा ग्रॅमपर्यंत गेलात तरी चालतं. घरी मटण, चिकन, अंडी, डाळ, ताक असताना डबा कशाला हवा, मला कळत नाही. मासे खात असाल तर तेही धरा, पण आम्ही घाटावरची माणसं, त्यातलं मी काय सांगणार.

आता दुसरी बाजू, नाहीतर कुणीतरी खाली येऊन सांगेलच. आठवड्यातून दोनदा तुम्ही किती खाता ते लिहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं आणि रेड मीट 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं. त्यात बोकडही येतो, तिथे मला पळवाट नाही. जागतिक कर्करोग संशोधन निधीचं म्हणणं आठवड्याला शिजलेलं साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम, त्यावर नको. माझ्या ताटाप्रमाणे दोनदा खाल्लंत तरी तुम्ही आत राहता. हाडासकट कच्चं अर्धा-अर्धा किलो दोनदा खात असाल तर थेट पाचशेच्या काठावर जाता. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल, हृदयाचं काही असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि तुमचे रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांचं ऐका. कलेजी लोहासाठी चांगली, पण कोलेस्टेरॉलही तेवढंच, म्हणून महिन्यातून एखाद्या वेळी. गरोदर बाईने विचारल्याशिवाय खाऊच नये, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

आणि युरिक ॲसिड वाढलेलं असेल तर चिकन-मटण हा भेदच फारसा उरत नाही, दोन्हीत प्युरिन असतं, ज्याचं अंगात युरिक ॲसिड होतं, म्हणून दोन्ही मापात खावं लागतं. शिजवताना ते प्युरिन पाण्यात उतरतं, म्हणून अशा माणसाने पीस थोडे खावेत आणि रस्सा टाळावा. आमच्या भाऊजींच्या, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याच्या, पायाच्या अंगठ्याला याच युरिक ॲसिडने दोनदा सूज येऊन गेली आहे. मी हे धाकटीला फोनवर समजावून सांगितलं, तिने "हो का" म्हटलं, आणि मागच्या महिन्यात लग्नाच्या जेवणात त्यांच्या ताटातले पीस काढून घेत वाढप्याला म्हणाली, "यांना नुसता रस्सा वाढा."