चार स्प्रिंगा आणि 'लवचीक आधार'

प्रिय,

कांदा प्रतवारी यंत्राच्या पेटंट अर्जात सुचवलेली तुझी दुरुस्ती वाचली. मूळ वर्णनात आणि पहिल्या दाव्यातही (म्हणजे हक्काची हद्द आखणाऱ्या कलमातही) चाळणी 'चार स्प्रिंगांवर' बसवलेली आहे. आता अर्जदाराने प्रदर्शनात दुसऱ्याचे रबरी पॅडवरचे यंत्र पाहिले, म्हणून 'स्प्रिंगा' खोडून 'लवचीक आधार' लिहायचे आहे.

अमेरिकेतला जेन्ट्री गॅलरी विरुद्ध बर्कलाइन हा खटला याच जातीचा. एकाच दिशेला तोंड केलेले दोन रिक्लायनर (मागे रेलणाऱ्या खुर्च्या), मध्ये कन्सोल (दोन्हींमधला पक्का भाग) आणि त्या कन्सोलवर दोन्हींची नियंत्रणे, असे सोफ्याचे मूळ वर्णन होते. पुढे घातलेल्या दाव्यांत मात्र नियंत्रणे कुठेही चालतील अशी भाषा आली. १९९८ साली फेडरल सर्किट या पेटंटची अपिले ऐकणाऱ्या न्यायालयाने ते व्यापक दावे अवैध ठरवले, कारण वर्णनात कन्सोल ही नियंत्रणांची एकमेव जागा होती, आणि प्रतिस्पर्ध्यांचे सोफे पाहीपर्यंत दुसरी जागा आपल्याला सुचली नव्हती, असे खुद्द संशोधकाच्याच साक्षीत आले होते.

यावरून एकच नमुना दाखवला की दावा तेवढ्यापुरताच, असा अर्थ मात्र काढू नकोस. पुढे त्याच न्यायालयाने तो नाकारला आहे. अर्जाच्या तारखेचे वर्णन वाचून त्या विषयातल्या जाणकाराला, ही व्यापक कल्पना तेव्हाच संशोधकाच्या हाती होती, हे पटले पाहिजे.

'सांगाड्याला हादरे बसू नयेत' या वर्णनातल्या वाक्याचा तू आधार घेतला आहेस. अमेरिकेत त्यावर निदान वाद घालता आला असता. आपल्याकडे तेवढेही नाही. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ५९ नुसार दुरुस्तीतला मजकूर मूळ वर्णनात असावा लागतोच, शिवाय नवा दावा जुन्या दाव्याच्या व्याप्तीत पूर्णपणे बसावा लागतो. 'लवचीक आधारा'त स्प्रिंग मावते, स्प्रिंगेत 'लवचीक आधार' मावत नाही. पॅडसाठी नवा अर्ज करावा म्हटले, तर ते दुसऱ्याने आधीच प्रदर्शनात मांडले आहेत, म्हणजे नवे राहिलेले नाहीत.

तेव्हा ही दुरुस्ती दाखल करू नकोस. त्याच अर्जदाराच्या कांदा सुकवणी यंत्राचे प्रोव्हिजनल (आधी दिलेले तात्पुरते वर्णन) आपल्याकडे आहे आणि कम्प्लीटच्या, म्हणजे दाव्यांसह पूर्ण वर्णन देण्याच्या, बारा महिन्यांतले काही अजून उरले आहेत. त्याला समोर बसवून हीटरच्या जागी आणखी काय काय चालेल ते विचार आणि प्रत्येक पर्याय आकृतीसह लिही. त्या नव्या भागाला कम्प्लीटचीच तारीख मिळेल, पण मिळेल तरी.

तुझा,
जुना सहकारी