रात्रीत उठणाऱ्या गांध्या

प्रश्न: पुण्यात पीजीमध्ये राहते. गेला आठवडाभर सकाळी उठलं की हातावर, मानेवर तीन-चार गांध्या ओळीने उठलेल्या असतात, खाज तर विचारू नका. गुडनाइट लावून झोपते तरी तेच. रूममेटला मात्र काहीच नाही. काय चावत असेल?

उत्तर: ढेकूण असायची शक्यता जास्त वाटतेय. पण नुसत्या गांध्या बघून डॉक्टरही नक्की सांगू शकत नाही, कारण रिअ‍ॅक्शन प्रत्येकाची वेगळी, रूममेटलाही चावत असतील पण अंगावर उमटत नसेल. म्हणून पुरावा शोधा. रात्री दोन-तीनला मोबाईलचा टॉर्च घेऊन गादीची शिवण उलगडून बघा, कॉटचे सांधे, स्क्रूची भोकं, भिंतीकडची बाजू. पेनाच्या टोकाने टिंब दिल्यासारखे काळे डाग दिसले, ओल्या कापसाने पुसल्यावर तांबूस पसरले, की समजा सापडले. मोठा ढेकूण साधारण 5 मिमी, सफरचंदाच्या बीएवढा.

चादरी-उशांचे अभ्रे 60 अंशाच्या पाण्यात धुवा. नुसती गादी उन्हात टाकून भागत नाही, ते सावलीच्या बाजूला सरकतात. रॉकेल तर अजिबात नको, आग लागेल. पेस्ट कंट्रोल दोनदा करायला लागतं, अंडी पहिल्या फवाऱ्यातून वाचतात ना, आणि शेजारच्या खोल्याही त्यात घ्यायला मालकाला सांगा. कॉट जुना असेल तर कुठून आणलाय तेही विचारा, कदाचित तिथूनच आले असतील!

गांध्यांवर कॅलामाइन लोशन लावा, खाजवू नका. सूज वाढली, पू झाला तर डॉक्टरांना दाखवा.