आकाशगंगेच्या आत बसून तिचा नकाशा कसा काढतात?

प्रश्न: आपण आकाशगंगेच्या आतच आहोत ना, मग तिचे बाहेरून काढलेले फोटो येतात कुठून? आणि गाया टेलिस्कोपने नकाशा केला म्हणतात, तो तरी खरा का?

उत्तर: ते फोटो नाहीतच, डेटा बघून काढलेली चित्रं आहेत, आणि तसं चित्राखाली ठळक लिहायलाच हवं कारण सगळेच फसतात. गायाचा नकाशा मात्र खरा, एकेक तारा मोजून केलेला.

अंगठा समोर धरा, आधी एक डोळा मिटा मग दुसरा, अंगठा सरकल्यासारखा दिसतो की नाही? तेच इथे. सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या पलीकडे जाते, म्हणजे आपली बघायची जागा ३० कोटी किमीने बदलते आणि जवळचे तारे मागच्या ताऱ्यांसमोर किंचित हललेले दिसतात, जेवढा तारा लांब तेवढं हलणं कमी. आता सूर्य सोडून सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा, त्याचासुद्धा हा कोन एका अंशाच्या २००० व्या भागापेक्षा कमी भरतो! जमिनीवरून हवेमुळे ताऱ्याची प्रतिमा थरथरते, म्हणून युरोपियन स्पेस एजन्सीने २०१३ च्या डिसेंबरमध्ये गायाला १५ लाख किमी लांब पाठवलं. तिथे तो सावकाश गिरक्या घ्यायचा, सहा तासांत एक, आणि तारे जवळपास १०० कोटी पिक्सेलच्या कॅमेऱ्यावरून सरकत जायचे, कुठला तारा नेमका कधी गेला याची नोंद व्हायची, वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा तेच तारे.

२०२२ च्या यादीत सुमारे १८० कोटी तारे आहेत. आकडा प्रचंड वाटतो पण आकाशगंगेतल्या एकूण ताऱ्यांच्या हा जेमतेम एक-दोन टक्के, आणि केंद्राकडे तर धूळ इतकी की पलीकडचं गायाला दिसतच नाही.

मला स्वतःला अंतरापेक्षा वेग जास्त भारी वाटतो. तारे कुठे चाललेत हे कळल्यामुळेच २०१८ मध्ये लक्षात आलं की साधारण १० अब्ज वर्षांपूर्वी एक छोटी दीर्घिका (म्हणजे आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा वेगळा समूह) आपल्या आकाशगंगेत येऊन मिसळली होती, तिचे तारे अजून वेगळ्याच चालीने फिरतायत. तसंच एका ताऱ्याच्या डुलण्यावरून सूर्याच्या ३३ पट वस्तुमानाचं कृष्णविवर सापडलं, २०२४ ची गोष्ट.

जानेवारी २०२५ मध्ये निरीक्षणं थांबली, पण पुढची मोठी यादी यायचीय. आधीचा सगळा डेटा फुकट आहे, कोणीही डाउनलोड करून बघू शकतं, तुम्हीसुद्धा.