२० टक्के धोका म्हणजे नक्की काय?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही निफाडकडचे, घरची द्राक्षबाग आहे. सासऱ्यांना (वय ६४) फुफ्फुसाचा कॅन्सर निघालाय, नाशिकला रेडिएशन सुरू होणारे, ३० वेळा जायचंय. तिथल्या डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर रंगीत चित्र दाखवून सांगितलं की चांगल्या फुफ्फुसाला सूज यायचा धोका साधारण २० टक्के आहे. म्हणजे अण्णांचं २० टक्के फुफ्फुस जाणार का? आणि हा आकडा कॉम्प्युटरला आधीच कळतो कसा? घरात सगळे घाबरलेत.

उत्तर : ताई, पहिल्याचं उत्तर आधी, नाही, तसं अजिबात नाही. अण्णांसारखा रेडिएशनचा प्लॅन (कुठे किती डोस द्यायचा याचा आराखडा) असलेले १०० पेशंट घेतले तर त्यातल्या साधारण २० जणांना त्रास होईल नि ८० जणांना होणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. अण्णा त्या २० मधले की ८० मधले हे आज कुणालाच सांगता येणार नाही, कॉम्प्युटरलाही नाही.

आता आकडा येतो कुठून. सीटी स्कॅनवरून फुफ्फुसाचे बारीक बारीक चौकोनी तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला किती डोस जाणार ते मोजतात, डोसचं माप ग्रे. त्यातून दोन गोष्टी मुख्य बघतात, फुफ्फुसाला सरासरी किती डोस बसतो, आणि २० ग्रे किंवा जास्त डोस किती भागाला बसतो. हा भाग ३०-३५ टक्क्यांच्या आत आणि सरासरी २० ग्रेच्या आत ठेवायची आमची धडपड असते. मग आधीच्या पेशंटांचे डोस आणि त्यातल्या कुणाकुणाला त्रास झाला हे जुळवून बनवलेला आलेख असतो, त्यावर अण्णांचा डोस ठेवून बघतात. या गणिताचा एक पाया लायमन नावाच्या संशोधकांनी १९८५ मध्ये घातला, आणि २०१० मध्ये जगभरची माहिती एकत्र करून जे आकडे आले त्यात सरासरी ७ ग्रेला साधारण ५ टक्के, १३ ला १०, २० ला २० आणि २७ ला ४० टक्के धोका दिसतो. बघा, डोस थोडा वाढला की धोका किती भरभर चढतो, म्हणूनच प्लॅन परत परत करावा लागला तरी करतात.

तुमच्या बागेवरनं सांगतो. ठिबकची मेन लाइन एका जागी फुटली की पुढची सगळी बाग कोरडी, मणक्यातला मज्जारज्जू तसा असतो. फुफ्फुस तसं नाही, ते वेलींसारखं, चार ओळी करपल्या तरी बाकीच्या माल देतात. म्हणून थोड्या भागाला जास्त डोस बसला तरी माणूस चालतो फिरतो, पण अर्ध्या बागेवर करपा आला तर मात्र पंचाईत.

पण या साध्या आलेखाला अण्णा माहीत नाहीत हो. सोबत केमो आहे का, गाठ खालच्या भागात आहे का, आधीचा दमा, जुना टीबी, फुफ्फुसावर आधीपासून जाळी (फुफ्फुस आतून घट्ट होत जाण्याचा आजार) आहे का, हे सगळं डॉक्टरांना तुम्हीच सांगा, न विचारता सांगा, जाळी असेल तर धोका बराच वाढतो.

आणि मला सगळ्यात काळजी वाटते ती पुढच्या काळाची. सूज लगेच येत नाही, रेडिएशन संपल्यावर १ ते ६ महिन्यांत येते, तोवर घरचे म्हणतात झालं, सुटलो. कोरडा खोकला, चालताना धाप, बारीक ताप, आणि एक्स-रेवर सावली दिसते ती न्यूमोनियासारखी, मग अँटिबायोटिकवर अँटिबायोटिक चालू राहतात नि वेळ जातो. इन्फेक्शन नाही ना ते बघून सहसा स्टेरॉइड देतात, त्याने बहुतेकांना आराम पडतो, पण बरं वाटलं म्हणून गोळ्या एकदम बंद करू नका, डॉक्टर सांगतील तशा हळूहळू कमी करायच्या नाहीतर खोकला उलटतो. ६ महिन्यांनंतर जो घट्ट व्रण राहतो तो मात्र औषधाने जात नाही, म्हणून आधीचा खोकला अंगावर काढू नका.

रेडिएशन संपलं की किती डोस, कुठे, कधी संपलं हे लिहिलेला कागद मागून घ्या, फाईलमध्ये पहिलाच लावा, आणि अण्णांना खोकला झाला तर निफाडच्या डॉक्टरांपुढे तो आधी ठेवा, नि नाशिकच्या रेडिएशनच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.