पहिल्या पराभवानंतर मुलगा ज्युदोला जायचे नाही म्हणतो

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. शाळेच्या बसमध्ये मोठी मुले त्याला चिडवतात, म्हणून तो खंबीर व्हावा या हेतूने आम्ही त्याला ज्युदोच्या वर्गात घातले. वर्षभर तो आवडीने गेला. गेल्या महिन्यात जिल्हा स्पर्धेत पहिल्याच लढतीत काही सेकंदांत तो हरला आणि सर्वांसमोर हमसून हमसून रडला. घरी पोहोचेपर्यंत त्याचे वडील ‘मुलगा असून रडतोस काय’ म्हणून बोलत होते. तेव्हापासून तो वर्गाला जात नाही. वडील म्हणतात ओढून न्या, सासूबाई म्हणतात हातपाय मोडण्याआधी बंद करा. मी काय करावे?
— एक आई, सातारा

ताई, तुमच्या घरात प्रत्येकाचा उपाय वेगळा असला, तरी मुलगा रडला म्हणजे वर्षभराची मेहनत वाया गेली, हे सर्वांनीच गृहीत धरलेले दिसते. मला ते मुळीच मान्य नाही. जपानची आबे उता ही 52 किलो वजनगटातील ऑलिंपिक विजेती. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती दुसऱ्याच फेरीत हरली आणि प्रशिक्षकाला बिलगून इतक्या मोठ्याने रडली की, साऱ्या प्रेक्षागृहाने तिच्या नावाचा गजर करून तिला धीर दिला. पुढच्याच वर्षी ती पुन्हा जगज्जेती झाली. जगातील सर्वोत्तम खेळाडूला जे रडणे आवरले नाही, ते नऊ वर्षांच्या मुलाने आवरावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

ज्युदोत दुसऱ्याला पाडण्याआधी स्वतः पडायला शिकवतात, हे तुम्ही वर्गात पाहिले असेल. हनुवटी छातीकडे घ्यायची, म्हणजे डोके मॅटवर आदळत नाही. पाठ गोल ठेवायची. आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली करून मॅटवर आपटायचे. आधी बसून, मग उकिडवे, मग उभ्याने. याला उकेमी म्हणतात. अंगाने लहानखुऱ्या असलेल्या कानो जिगोरो यांनी 1882 मध्ये तोक्योत ज्युदोची शाळा काढली, आणि आजही जगभरातील वर्गांत मुलांची सुरुवात इथूनच होते. तुमचा मुलगा वर्षभर रोज पडला, उठला, समोरच्याला वाकून नमस्कार करून पुन्हा त्याचा डगला धरायला गेला. खंबीरपणा म्हणतात तो हाच, आणि तो त्याच्या अंगात मुरू लागला आहे. स्पर्धेत तो पडला, त्यात त्याला नवे काहीच नव्हते. नवे होते ते परतीच्या वाटेवरचे बोलणे. मला वाटते, त्याला मॅटची नव्हे, त्या बोलण्याची धास्ती बसली आहे.

म्हणून हा परिच्छेद त्याच्या वडिलांना वाचायला द्या. जपानच्या ज्युदो महासंघाने 2022 मध्ये प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली, कारण जिंकण्याच्या हट्टापायी पालक आणि प्रशिक्षक मुलांवर ओरडत होते, त्यांना वजन घटवायला लावत होते. ज्या देशात ज्युदो जन्मला, त्या देशाला मोठ्यांना आवरण्यासाठी एवढे करावे लागले. तुम्ही मुलाची माफी मागितलीत, ‘त्या दिवशी मी बोललो ते चुकले’ एवढे एकच वाक्य म्हणालात, तर ते त्याला ओढून नेण्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

ताई, तुम्ही स्वतः त्याच्या सरांना भेटा. काही महिने त्याचे नाव कोणत्याही स्पर्धेत देऊ नये, सरावाला त्याच्याच वजनाचा जोडीदार द्यावा आणि नव्या मुलांना उकेमी दाखवण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे, असे सांगा. जे आपल्याला येते ते धाकट्यांना शिकवताना मुलाचा आत्मविश्वास लवकर परत येतो. मुलाशीही ठरवा की, पुढच्या पट्ट्याच्या परीक्षेपर्यंत जायचे आणि त्यानंतरचा निर्णय त्याचा. तेव्हाही तो नाही म्हणाला, तर मनात अढी न ठेवता सोडू द्या; रागाच्या किंवा लाजेच्या भरात सोडणे आणि विचार करून सोडणे यांत पुष्कळ फरक आहे. सासूबाईंची काळजीही उडवून लावू नका. डोक्याला मार लागल्यावर डोके दुखले, उलटी झाली किंवा चक्कर आली, तर सराव तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे न्यायचे आणि त्यांच्या परवानगीशिवाय मॅटवर परतायचे नाही, हा नियम वर्गात पाळला जातो का, ते सरांना स्पष्ट विचारा. उत्तर गोलमाल आले, तर वर्ग बदला.

राहिला बसमधला त्रास. तो थांबवण्याची जबाबदारी तुम्ही नकळत नऊ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर टाकली आहे, आणि ती ज्युदोवर ढकलता येणार नाही. कोण चिडवते, कधी आणि काय बोलतात, हे त्याच्याकडून शांतपणे समजून घ्या, मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि त्याला बसमध्ये पुढे, मदतनीस ताईंच्या जवळ बसवण्याची मागणी करा. वर्गाचे काय ते ठरण्याची वाट न पाहता हे पत्र याच आठवड्यात द्या आणि त्याची पोच घ्या.