जपानच्या दौऱ्यांवर उभी राहिलेली कारकीर्द

प्रश्न : अमेरिकन कुस्तीगीर स्टॅन हॅन्सन यांनी उमेदीचा बहुतेक काळ जपानमध्ये काढला. निकाल आधीच ठरलेल्या नूराकुस्तीत एका परदेशी माणसाला तेथे एवढा मान कशामुळे मिळाला? आपल्याकडचे कोणी त्या वाटेने गेले होते काय?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : जुम्मादादा आणि प्रा. माणिकराव यांच्या व्यायाम मंदिरामुळे मल्लविद्येकडे साधना म्हणून पाहणाऱ्या आपल्या शहरात ही शंका येणे स्वाभाविक आहे. व्यावसायिक कुस्तीचा निकाल ठरलेला असतो हे खरेच. परंतु अंगावर बसणारा मार आणि महिनोन्‌महिन्यांचा प्रवास यांत खोटे काही नसते.

१९४९ साली टेक्सासमध्ये जन्मलेले हॅन्सन १९७५ मध्ये जपानी मल्ल आणि आयोजक जायंट बाबा यांच्या ऑल जपान या कुस्ती संस्थेत प्रथम गेले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांच्याकडून एक आपटी चुकली आणि तेथील विजेते मल्ल ब्रुनो सॅमार्टिनो यांची मान मोडली. प्रसिद्धी मात्र अशी झाली की, हॅन्सन यांच्या लॅरिएटने, म्हणजे आडव्या हाताच्या गळ्यावरील तडाख्याने, ती मोडली. १९७७ पासून ते ऑल जपानच्या प्रतिस्पर्धी न्यू जपान संस्थेकडून लढू लागले, १९८० मध्ये त्यांनी तिचे संस्थापक अंतोनिओ इनोकी यांच्याकडून एनडब्ल्यूएफ (नॅशनल रेसलिंग फेडरेशन) विजेतेपद घेतले आणि १९८१ च्या अखेरीस ते पुन्हा बाबांकडे आले.

तेथील व्यवस्था अशी होती की, परदेशी मल्लांना काही आठवड्यांच्या लढतींच्या मालिकेपुरते बोलावले जाई. अमेरिकेत प्रादेशिक आयोजक तिकीटविक्री पाहून हातावर ठेवील ते पैसे घ्यावे लागत, तर जपानमध्ये आठवड्याचा मोबदला आधीच ठरलेला असे. पंच जो हिगुची हे ऑल जपानमध्ये या पाहुण्यांचे दुभाषे आणि पालकही होते. मालिका संपली की घरी परतायचे आणि पुढचे बोलावणे आले की पुन्हा निघायचे. त्यामुळे लहान गावच्या सभागृहात कामचुकारपणा करणाऱ्याला ते बोलावणे येण्याची शाश्वती नसे. हॅन्सन यांची दृष्टी अधू होती आणि चष्म्याशिवाय लढताना त्यांचे फटके अंदाजानेच, पण पूर्ण ताकदीने पडत. माझ्या मते त्यांच्या लोकप्रियतेचे खरे मूळ राकटपणापेक्षा या सातत्यात आहे.

ही निष्ठा दोन्ही बाजूंनी होती. १९८६ मध्ये अमेरिकेतील एडब्ल्यूए संस्थेने त्यांना निक बॉकविंकल यांच्याकडून हरून विजेतेपद सोडण्यास सांगितले, तेव्हा बाबांनी जपानमध्ये आपल्या लढती विजेता म्हणून ठरवल्या आहेत, या कारणाने त्यांनी नकार दिला आणि विजेतेपदाचा पट्टा घेऊन ते सरळ जपानला गेले. व्यावसायिक शिस्तीच्या दृष्टीने हे वागणे योग्य म्हणता येणार नाही, पण त्यांनी कोणाचा शब्द मोठा मानला ते त्यातून दिसते. पुढे ट्रिपल क्राउन हे ऑल जपानचे सर्वोच्च विजेतेपद त्यांनी चार वेळा मिळवले आणि मिसावा, कोबाशी अशा तरुण मल्लांकडून हार पत्करून त्यांना मोठे होऊ दिले, ही गोष्ट मला विजेतेपदांहून मोलाची वाटते. जानेवारी २००१ मध्ये टोकियो डोममध्ये त्यांचा निवृत्ती समारंभ झाला.

आपल्याकडचे म्हणाल, तर पंजाबात जन्मलेले आणि कॅनडात स्थायिक झालेले टायगर जीत सिंग हॅन्सन यांच्याही आधी, १९७३ मध्ये न्यू जपानमध्ये पोहोचले होते. त्याच वर्षी टोकियोच्या शिंजुकू भागात भर रस्त्यात त्यांनी इनोकींवर केलेला हल्ला देशभर गाजला आणि १९७५ मध्ये, हॅन्सन यांच्यापूर्वी पाच वर्षे, त्यांनी इनोकींना हरवून तेच एनडब्ल्यूएफ विजेतेपद जिंकले.